उपाशी पोटाचं रक्त

मोसेसे दवाखान्यातल्या वजनकाट्यावर उभा राहिला की आकडा मागच्या खेपेपेक्षा पुढे गेलेला असे, आणि तो पाहून त्याच्या आईच्या, सेलाच्या, जिवात जीव येई. मॉरीन नर्स आकडा लिहून घेताना ओठ आवळायची. सेला खिडकीकडे तोंड करून हसू लपवायची. या गोऱ्यांना पोरं काडीसारखी लागतात, त्यांच्या फुटपट्टीनं आपण आपली लेकरं का मापायची, असं ती परतताना गाडीत नवऱ्याला म्हणे. नवरा फेलेती मान हलवी. तो सगळ्यांच्याच बोलण्याला मान हलवायचा, त्यामुळे त्याचं कुणाशी बिनसत नसे.

तिला बरं वाटायचं ते उगाच नव्हतं. मागच्या हिवाळ्यात हाच मुलगा गॅरेजमध्ये गादी टाकून पडलेला असायचा. विटांच्या कामावर जाणं सुटलं होतं. चर्चच्या बँडमध्ये तो मोठं पितळी वाद्य वाजवायचा, ते कोपऱ्यात धूळ खात होतं. भिंतीपलीकडची माणसं आपल्याविषयी कुजबुजतात, असं म्हणत तो कान देऊन बसायचा. ताट दाराशी ठेवावं आणि तसंच उचलून आणावं. नुकती विशी ओलांडलेला पोर, खांदे बापासारखे रुंद, पण बघता बघता त्या खांद्यांवर शर्ट लोंबायला लागला. सिडनीच्या पश्चिमेला टोंगा बेटांवरून आलेली आमची माणसं गल्ल्या धरून राहतात. इथं मुलाचं डोकं बिघडलं याचं लोकांना वाईट वाटलं, आईजवळ बसून ते रडलेही. पण मुलगा वाळला, याचा बोल मात्र आईला लागला.

तो बोल लावला कालोनं. कालो ही फेलेतीची थोरली बहीण. आमच्यात बापाच्या बहिणीपुढे सगळं घर खाली बसतं. लग्न असो की मयत, वरची चटई तिची, भाजलेल्या डुकराचा पहिला वाटा तिचा, आणि भावाच्या पोरांवर आईआधी तिचा शब्द चालतो. भावजयीनं तिच्यापुढे आवाज चढवल्याचं कुणी ऐकलेलं नाही. त्या रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर, चार बायकांच्या देखत, कालोनं मोसेसेचं मनगट दोन बोटांत धरलं.

"सेला, माझ्या भावाच्या घरी चूल पेटते ना गं? नसेल तर सांग हो, मी डबा पाठवते."

बायका हसल्या. सेलाही हसली. घरी येऊन तिनं धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

मग एका सकाळी मोसेसे शेजाऱ्याच्या दारावर धक्के मारायला गेला आणि पोलिसांनी त्याला इस्पितळात नेलं. तिथून परतला तो महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन बरोबर घेऊनच. भिंतीपलीकडची माणसं गप्प झाली. आणि भूक आली. कशी भूक! सकाळी तळलेल्या गोड पिठाच्या गोळ्यांची परात तो एकटा संपवायचा. दुपारी अळूच्या पानांत बांधून नारळाच्या दुधात शिजवलेलं खारं मांस, वर उकडलेला सुरण, आणि तासाभरात पुन्हा स्वयंपाकघरात येऊन भांड्यांवरची झाकणं उचलून बघायचा. सेलाला वाटलं, देवानं ऐकलं. ती पहाटे उठून रांधायची. मुलाचे गाल भरले, मान भरली, पोट शर्टाबाहेर आलं, तसतशी ती चर्चमध्ये पुढच्या बाकाकडे सरकत गेली.

"आता कुठं माणूस दिसतोयस," कालो त्याच्या पोटावर थाप मारून म्हणायची. "मागच्या वर्षी नुसता झाडूला शर्ट घातल्यासारखा होतास."

मोसेसे हसायचा. पण तो बरा झालाय असं मानायला एकटा तोच तयार नव्हता. बँडमध्ये परत गेला तर दोन ओळी वाजवून धाप लागली. ओठ कोरडे पडून वाद्याच्या तोंडाला चिकटायचे. तहान सारखी. त्यानं हे मॉरीनला सांगितलं, आणि मॉरीननं खुर्ची ओढून मायलेकांना समोर बसवलं. ती वयस्क बाई, गुडघ्यानं अधू, बोलायला सरळ. तिनं सांगितलं की हे इंजेक्शन डोकं शांत करतं, पण भूक भडकवतं आणि रक्तात साखर चढवतं. कोवळ्या वयात मधुमेह होतो, आणि कित्येकदा आम्हा दवाखान्यातल्याच माणसांचं तिकडे लक्ष जात नाही, कारण सगळे डोक्याकडे बघत बसतात. लवकर कळलं तर औषध बदलता येतं, गोळी देता येते, पुष्कळ काही वाचतं. त्यासाठी रक्त तपासायचं, आणि ते सकाळी, उपाशी पोटी.

सेलानं सगळ्याला हो म्हटलं. फक्त शेवटचे दोन शब्द तिच्या घशाखाली उतरेनात.

आमच्या दारावरून कुणी अनोळखी गेला तरी त्याला जेवायला हाक मारायची रीत. घरातला मुलगा, तोही असल्या आजारातून उठलेला, रिकाम्या पोटी घराबाहेर पाठवायचा? पहिल्या खेपेला तिनं त्याला चहा दिला, दूध-साखर घालून, नुसता चहा म्हणजे काही खाणं नव्हे असं म्हणत. चहाबरोबर चार गोळे गेले. तपासणीच्या खिडकीतली मुलगी म्हणाली, उद्या या. दुसऱ्या खेपेला सेलानं गाडीत केळी ठेवली आणि वाटेत स्वतःच्या हातानं सोलून दिली. पुन्हा उद्या. मोसेसे तिच्यावर चिडला नाही. तो चिडणारा राहिलाच नव्हता, औषधानं त्याच्या रागाचीही धार गेली होती. पण तिसऱ्या खेपेला तो कुणाला न उठवता निघाला आणि पायी गेला. सेला उठली तेव्हा रात्री झाकून ठेवलेलं ताट टेबलावर जसंच्या तसं होतं. झाकणाखालचा एक घासही हलला नव्हता. ती ताटापुढे उभी राहिली. तिला लाज वाटली, आणि थोडा अभिमानही वाटला, कारण पोरगं कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच स्वतःच्या मनानं काहीतरी करायला बाहेर पडलं होतं.

चारेक दिवसांनी मॉरीन घरी आली. नेमकी कालो तेव्हा ओसरीवरच्या मोठ्या खुर्चीत बसली होती, चर्चच्या जेवणाची वाटणी ठरवायला आलेली. मोसेसे आत झोपला होता. इंजेक्शननंतरचे काही दिवस तो दुपारभर झोपायचा. सेला त्याला उठवायला निघाली, तर मॉरीन म्हणाली, झोपू दे त्याला, मला एकच गोष्ट हवी आहे, तुम्हीच सांगा.

रक्ताचा निकाल आला होता. साखर थोडी वर होती. खाल्ल्यावर एवढी चढली तर चालतं, पण उपाशीपोटी एवढी असेल तर तो मधुमेहच, मग उद्याच डॉक्टरकडे न्यायचं. आणि उपाशी होता की नाही हे तपासणीवाल्यांकडून लिहायचंच राहून गेलं होतं.

"तर त्या सकाळी तो उपाशी होता का?"

सेलानं तोंड उघडलं. तेवढ्यात खुर्चीतून कालोचा आवाज आला. मॉरीनला कळू नये म्हणून आपल्या भाषेत, पण सेलाला नीट ऐकू जावं असा.

"उपाशी? ही बाई माझ्या भाच्याविषयी विचारतेय की कुणा अनाथाविषयी?"

सेलाच्या डोळ्यांपुढे ते झाकलेलं ताट आलं आणि त्याच्या मागोमाग चर्चच्या पायऱ्या आल्या, दोन बोटांतलं मनगट आलं.

"नाही," ती म्हणाली. "जेवून गेला होता तो. पोटभर. आमच्या घरातून कुणी उपाशी जात नाही."

मॉरीननं सुटकेचा श्वास टाकला. मग ठीक आहे, म्हणाली, एकदा परत करून घेऊ सवडीनं. कालोनं मान हलवली आणि वाटणीचं बोलणं पुढे सुरू केलं.

उद्या फोन करून सांगू, असं सेलानं त्याच वेळी ठरवलं होतं. दुसऱ्याच दिवशी गल्लीत एक मयत झाली आणि चटया, चादरी, स्वयंपाक यात आठवडा गेला. नंतर फोन केला तेव्हा कळलं की मॉरीन गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी लांबच्या रजेवर गेली आहे. काही निरोप आहे का, असं तिकडच्या माणसानं विचारलं. अनोळखी माणसाला काय सांगायचं, मी खोटं बोलले म्हणून? काही नाही, म्हणाली. आणि मग ते शिळं होत गेलं. शिळ्या खोट्याचं असं होतं की ते पुन्हा उकरायला नव्यापेक्षा जास्त तोंड लागतं. मोसेसेनं निकालाचं विचारलं, तेव्हा ती भाजी चिरत होती.

"नर्सबाई येऊन गेल्या. म्हणाल्या, ठीक आहे."

"मग एवढी तहान का लागते, आई?"

"उन्हाळा आहे बाबा. सगळ्यांनाच लागते."

उन्हाळा होता हे खरं. पश्चिमेचा गरम वारा सुटला की पत्र्याची घरं भाजून निघतात. पण मोसेसेची तहान निराळी होती. फ्रीजमधल्या गोड सरबताच्या मोठ्या बाटल्या तो उभ्याउभ्या रिकाम्या करायचा, आणि ते संपलं की अंगणातल्या नळाला तोंड लावायचा. रात्री सारखा मोरीकडे. मग हळूहळू शर्ट पुन्हा सैल व्हायला लागले. ते सेलाला दिसलं, आणि तिनं त्याच्या ताटात आणखी वाढलं. फेलेतीला तिनं विचारलं, हा पुन्हा वाळतोय का हो? त्यानं मान हलवली.

मॉरीनच्या जागी ट्रेंट नावाचा तरुण आला होता. भला मुलगा, पण त्याच्या माथ्यावर कामाचा ढीग. मोसेसेनं त्याला आपल्या परीनं सांगितलं. आधीच तो कमी बोलायचा, त्यात गोऱ्यांच्या भाषेत.

"मी आतून वाळतोय," तो म्हणाला. "पोटात वाळू भरल्यासारखं होतं. कितीही पाणी ओतलं तरी वाळूत जातं."

ट्रेंटनं वाळूविषयी बरंच विचारलं. वाळू कुणी भरली? कुणाचा आवाज येतो का? मोसेसे म्हणाला, कुणी नाही, मी फक्त कसं वाटतं ते सांगतोय. पण वाळू लिहिली गेली होती. डॉक्टरांनी इंजेक्शनची मात्रा वाढवली. सेला शेजारीच बसली होती. मात्रा वाढली म्हणजे आणखी बरा होईल, असं तिला त्या दिवशी खरोखर वाटलं. गल्लीतल्या डॉक्टरनं रक्ताचं काम दवाखान्याचं म्हणून हात झटकले आणि दवाखान्यानं ते डॉक्टरचं म्हटलं. मोसेसेनं दोन्हीकडे मान तुकवली. पायी जाऊन तो पुन्हा तपासून आला असता, पण निकाल ठीक असल्याचं आईनं सांगितलं होतं, आणि आईवर तो विश्वास टाकायला नुकताच पुन्हा शिकला होता.

मे महिन्याचा पहिला रविवार आमच्यात लेकरांचा. पोरं पांढऱ्या कपड्यांत चर्चमध्ये पाठांतर म्हणतात आणि नंतर सभागृहात टेबलं वाकतील एवढं जेवण. त्या दिवशी मोसेसे बँडबरोबर बसला, पण वाद्य मांडीवरच राहिलं. जेवणाच्या वेळी कालोनं आपल्या टेबलावरून, आपल्या पानातलं, खास त्याच्यासाठी पाठवलं. एवढा मान असा भर सभेत मिळतो तेव्हा तो संपवायचा असतो. मोसेसेनं अर्ध्यापर्यंत आणलं. मग नारंगी सरबत, बाटलीमागून बाटली. मग तो बाहेर जाऊन ओकला, परत आला, आणि भिंतीकडेच्या चटईवर आडवा झाला.

दोन पोरांनी त्याला हलवून पाहिलं. तो काहीतरी पुटपुटला.

"झोपू द्या रे," कालो म्हणाली. "पोट भरलंय त्याचं. वरून ते इंजेक्शन."

त्याला झोपू दिलं. त्याच्या बाजूलाच गाणी झाली, भाषणं झाली, लहान पोरं त्याच्या पायांवरून उड्या मारत पळाली. टेबलं पुसून झाल्यावर, घरी न्यायचं अन्न बांधून झाल्यावर सेला त्याला उठवायला गेली. तो उठेना. त्याची जीभ लाकडासारखी झाली होती आणि श्वास असा चालला होता की फेलेतीनं पहिल्यांदाच मान न हलवता आरडाओरडा केला.

इस्पितळात सांगितलं, रक्तातली साखर त्यांच्या यंत्राला वाचता येईना एवढी होती. पहिले काही दिवस तो नळ्यांत होता. वाचला. पण मूत्रपिंडांना मार बसला होता आणि ती पूर्ववत होणार नाहीत, अर्ध्यावरच चालवायला लागेल, असं तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी समजावलं. आता रोज सुई. जन्मभर, बहुतेक.

तो शुद्धीवर येऊन जेवायला लागला, त्या दुपारी मॉरीन भेटायला आली. काठी टेकत आली, रजेवरच होती अजून. खाटेपाशी सेला होती, आणि कालो, मांडीवर झाकलेली टोपली घेऊन. डॉक्टरीणबाईही तेवढ्यात फेरीवर आल्या आणि त्यांनी मॉरीनला विचारलं की असं इंजेक्शन चालू असताना या मुलाची साखर कधी कुणी पाहिलीच नाही का?

मॉरीन म्हणाली, पाहिली होती. उन्हाळ्याच्या तोंडाशी. वर होती, पण तो खाऊन आला होता म्हणून मी सोडून दिली. उपाशी असता तर तेव्हाच धरलं असतं.

"मी खाल्लं नव्हतं," मोसेसे म्हणाला.

आवाज बारीक होता, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेला.

"आदल्या संध्याकाळपासून काही खाल्लं नव्हतं. पाणी पिऊन चालत गेलो. मला नीट आठवतं."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि मग, जसं सगळेच करायचे तसं, त्याच्यावरून नजर उचलून आईकडे नेली. मॉरीननंही पाहिलं. कालोनं पाहिलं. टोपलीवरचा तिचा हात थांबला.

सेलाला कळलं की करायचा राहिलेला तो फोन करायची वेळ आत्ता पुन्हा आली आहे. आताही एक शब्द पुरला असता. त्या शब्दानं मूत्रपिंडं परत आली नसती, पण मुलगा खरा ठरला असता. तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो तिच्याकडे आशेनं बघत होता. तिलाच ठाऊक आहे, ती सांगेल, अशा भरवशानं. आणि तिला असंही दिसलं की तो शब्द तोंडातून निघाला की ही गोष्ट इथून चर्चपर्यंत जाईल, पिढीभर राहील: सेलानं पोराला उपाशी पाठवलं, आणि वर खोटं बोलून त्याची मूत्रपिंडं घालवली.

"खाल्लं होतं," ती म्हणाली. "मीच वाढलं होतं. त्याला आठवत नाही. तेव्हा त्याचं डोकं..."

पुढचं कुणी विचारलं नाही. डॉक्टरीणबाईंनी समजुतीनं मान हलवली. मॉरीन खाली काठीकडे बघत राहिली. तिला काय वाटलं ते तिनं दाखवलं नाही.

मोसेसे बराच वेळ आईकडे बघत होता. रागानं नव्हे. कपाळाला आठी घालून, एखादी वस्तू कुठं ठेवली ते आठवायचा माणूस प्रयत्न करतो तसा. ती पहाट, तो रस्ता, ते रिकामं पोट तो आत शोधत होता. आणि सेलाला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, त्यानं शोधणं सोडलं तो क्षण.

"असेल," तो म्हणाला. "मग खाल्लं असेल मी."

"अरे खाल्लंच असणार," कालो मायेनं म्हणाली आणि टोपलीवरचं फडकं काढलं. डॉक्टरीणबाईंनी हात आडवा धरून तिला थांबवलं. कालोला असं कुणी कधी थांबवलं नव्हतं. तिनं फडकं परत घातलं.

घरी सोडण्याआधी ठरलं की सुई आणि साखर मोजायचं यंत्र मुलाच्या हाती द्यायचं नाही. तो सांगतो ते भरवशाचं नसतं, आजार तसा आहे, त्याचा दोष नाही. आईकडे द्यायचं, आईला विचारायचं. सेलाला सुई टोचायला शिकवली. ती लवकर शिकली.

निघायच्या दिवशी परिचारिका शेवटची चौकशी करायला आली. मोसेसे कपडे घालून खाटेवर बसला होता, जागा, पाय खाली सोडून. परिचारिका त्याच्या पुढ्यातून जाऊन सेलापाशी उभी राहिली.

"तहान कशी आहे आज त्याची?"

सेलानं मुलाकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता, आपल्याविषयी काय उत्तर येतंय याची वाटही न बघता. त्याची तहान कशी आहे, हे तिला माहीत नव्हतं.

"बरी आहे," ती म्हणाली.